परदेशी मिशन ट्रिप: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

मंडळीत (चर्चमध्ये) मिशन ट्रिपची, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या मंडळीला हातभार लावायला जायच्या थोड्या दिवसांच्या प्रवासाची, घोषणा झाली की पहिल्यांदा जाणाऱ्यांची गडबड बॅगेपासून सुरू होते. किती किलो चालतं, मुलांसाठी खेळणी कुठली घ्यायची, गिटार नेऊ का. बॅग शेवटच्या आठवड्यातही भरता येते. खरी तयारी त्याच्या चार-सहा महिने आधी सुरू होते, आणि हा लेख मुख्यतः त्या तयारीबद्दल आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ज्या गावात तुम्ही चाललात तिथे बहुतेक वेळा मंडळी आधीपासून आहे, तिचे पाळक (पास्टर) आहेत, संडे स्कूल, म्हणजे मुलांची रविवारची बायबल शाळा, चालवणारी माणसं आहेत. काम त्यांचं आहे. तुम्ही दहा-बारा दिवसांचे पाहुणे.

बोलावणं कोणाचं?

टीम लीडरला सरळ विचारा: ही ट्रिप मागितली कोणी? यजमान मंडळीने, की आपल्या कमिटीने ठरवून त्यांना नुसतं कळवलं? उत्तर दुसरं असेल तर लगेच नाव मागे घ्या असं मी म्हणणार नाही, पण मग कार्यक्रम कोणी आखलाय हे नीट बघा. यजमान पाळक तोंडावर नाही म्हणत नाहीत. पाहुण्यांनी “शाळेच्या भिंती रंगवू का?” असं विचारलं तर “हो, रंगवा” असंच उत्तर येणार, मग त्याच भिंती आधीच्या टीमने नुकत्याच रंगवलेल्या का असेनात. म्हणून प्रश्न मोकळा ठेवावा. यंदा मंडळीचं कुठलं काम अडलंय? आम्ही आल्याने कुठलं काम हलकं होईल आणि कुठलं उलट वाढेल? आम्ही गेल्यावर हे पुढे कोण चालवणार?

१९९८ साली मिच चक्रीवादळाने होंडुरासची वाताहत केली. त्यानंतरच्या घरबांधणीचा अभ्यास कर्ट व्हेर बीक या संशोधकाने केला. स्थानिक ख्रिस्ती संस्था जे घर सुमारे २,००० डॉलरमध्ये उभं करत होती, तसंच घर बांधायला उत्तर अमेरिकेतून आलेल्या टीमचा खर्च विमानप्रवासासकट सरासरी ३०,००० डॉलरपर्यंत जात होता. हे वाचून ट्रिप रद्द करायची गरज नाही. पण विटा रचणं हे परदेशी जायचं कारण होऊ शकत नाही, एवढं यातून घ्यावं. गावात गवंडी आहे आणि त्याला मजुरी हवी आहे. पैसे पाठवून जे होतं ते पैसे पाठवून करा, आणि जे माणसाने समोर बसूनच होतं त्यासाठी जा: संडे स्कूलच्या शिक्षकांसोबत बसून पाठ तयार करणं, त्यांनीच भरवलेल्या सुट्टीतल्या बायबल शाळेत हाताखाली राबणं, आजाऱ्यांच्या भेटी, एकत्र प्रार्थना, किंवा तुमच्याकडे असलेलं एखादं नेमकं कौशल्य तिथल्या माणसाला शिकवून येणं.

अमेरिकेत २००३ साली अल्पकालीन मिशन सेवेसाठी सात मानकांची एक चौकट तयार झाली. त्यात यजमानांशी भागीदारी, कार्यक्रमाची आखणी दोघांनी मिळून करणं, योग्य प्रशिक्षण आणि परतल्यानंतरचा पाठपुरावा हे मुद्दे येतात. तुम्हाला पाठवणारी संस्था अशी एखादी चौकट मानते का, हे विचारायला संकोचू नका. चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही.

कार्यक्रमात ‘अनाथाश्रमाला भेट’ असेल तर

इथे जरा थांबू, कारण सर्वांत जास्त भलेपणाने सर्वांत जास्त नुकसान इथे होतं.

परदेशी टीमच्या कार्यक्रमात अनाथाश्रम हमखास असतो. मुलं धावत येतात, बिलगतात, दोन दिवसांत नावानं हाका मारतात. निघताना सगळ्यांचे डोळे भरून येतात. टीमला वाटतं, केवढं प्रेम मिळालं! पण अनोळखी माणसाला पहिल्या तासात बिलगणारं मूल बऱ्याचदा असं मूल असतं, ज्याच्याजवळ कायमचं कोणी टिकलेलं नाही. दर महिन्याला नवी टीम येते, लळा लावते, निघून जाते. हे तुटणं त्या मुलाच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येतं.

दुसरी बाजू पैशाची. कंबोडियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं, की अनाथाश्रमांतल्या सुमारे ७७ टक्के मुलांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात होता. गरिबीमुळे, शिक्षणाच्या आशेने मुलं तिथे ठेवली गेली होती. पाहुणे आणि देणग्या येत राहतात तिथे मुलं गोळा करणं हाच धंदा होऊ शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मधल्या बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमातल्या स्वयंसेवेचे धोके नाव घेऊन नोंदवले. ऑस्ट्रेलियानेही २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली. आणि हैतीची घटना तर प्रत्येक टीमला सांगायला हवी. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर एका अमेरिकन ख्रिस्ती गटातल्या दहा जणांना ३३ मुलांना कागदपत्रांविना सीमेपलीकडे नेताना अटक झाली. त्या मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील जिवंत होते.

मग करायचं काय? यजमानांना विचारा, की जी मुलं घरी राहतात त्यांच्यासाठी मंडळी काय करते: शाळेनंतरचा अभ्यासवर्ग, फीची मदत, आईबापांसाठी काही? तिथे हातभार लावा. एखाद्या बालगृहाशी तुमच्या मंडळीचं जुनं नातं असेल तर मुलांना खेळवण्यापेक्षा तिथल्या काळजीवाहकांना आणि स्वयंपाकघराला मदत करा. मुलं घरी परतावीत यासाठी ते काही करतात का, हेही विचारा.

कायदा आणि कागद

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतरही सहा महिने शिल्लक असावी, बरेच देश ही अट घालतात. व्हिसाचं मात्र नीट समजून घ्या. पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा किंवा धार्मिक काम चालत नाही असे अनेक देश आहेत. “फिरायला आलोय असं सांगा” असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. देवाच्या कामासाठी निघालेल्या माणसाने पहिलंच वाक्य खोटं बोलावं हे मला पटत नाही, आणि पकडलं गेल्यावर टीम विमानात बसून परतते, चौकशीला तोंड देतात ते यजमान.

सुवार्तेच्या, म्हणजे येशूचा संदेश सांगण्याच्या, कामाचे नियमही देशागणिक वेगळे. नेपाळमध्ये ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेनुसार कोणाचं धर्मांतर करणं किंवा त्याला उत्तेजन देणं हा गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड, आणि आरोपी परदेशी असेल तर शिक्षेनंतर देशाबाहेर रवानगी. कंबोडियात २००७ च्या सरकारी आदेशाने घरोघर जाऊन धर्मप्रचार करायला मनाई केली. म्हणून तिथे काय बोलायचं, कुठे बोलायचं, पत्रकं न्यायची की नाही, हे यजमान पाळकांनीच ठरवावं. ते ‘हे नको’ म्हणाले की विषय संपला. धाडस दाखवायची ही जागा नाही.

तांदूळ, वह्या, औषधं वाटायची असतील तर ती संदेशाला जोडू नका. रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ साली केलेल्या मदतकार्याच्या आचारसंहितेत हे स्पष्ट आहे: मदत गरजेप्रमाणे, धर्म बघून नाही. आधी सभेत बसा मग पिशवी घ्या, असं करणाऱ्या टीमच्या मागे गावात संशय उरतो, आणि तो पुढे तिथल्या विश्वासणाऱ्यांना निस्तरावा लागतो.

शरीराची तयारी

प्रवासाच्या निदान सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा, कुठल्या देशात, कुठल्या भागात, किती दिवस हे सांगा. धनुर्वात, हिपॅटायटिस ए, टायफॉइड यांबद्दल विचारा. पीतज्वराची लस लागणाऱ्या देशात जायचं असेल तर ती पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी हवी. तिचं प्रमाणपत्र जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालतं, ते पासपोर्टसोबत ठेवा. दुर्गम गावात जाणार असाल तर रेबीजची प्रवासापूर्वीची लस घ्यावी का, हेही विचारून ठेवा. कुत्रं चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लस घेतलेली असली तरी दवाखाना गाठायचा. मलेरियाच्या गोळ्या परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात, कुठल्या एक आठवडा, कुठल्या चार. घरी आलो म्हणून त्या बंद करू नका.

पोट बिघडणार हे धरूनच चला. ओआरएसची पाकिटं न्या. संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. विमा घेताना गंभीर आजारात हलवण्याचा खर्च त्यात आहे का, आणि स्वयंसेवेचं काम करताना झालेली दुखापत धरतात का, हे वाचा. रात्रीचा रस्ताप्रवास टाळा. नव्या लोकांना सापाविंचवाची भीती जास्त वाटते, पण धडधाकट प्रवाशांना खरा धोका रस्त्यावर असतो.

पैसे

मदतीसाठी पत्र लिहाल तेव्हा गावकऱ्यांच्या दैन्याचं वर्णन करून पैसे मागू नका. तेच पत्र तिथल्या पाळकांच्या हाती पडलं तर त्यांना कसं वाटेल, हे मनात ठेवून लिहा. किती खर्च प्रवासाचा, किती राहण्याजेवणाचा, किती प्रत्यक्ष कामाचा, हे उघड मांडा. यजमानांवर पडणारा खर्च, म्हणजे गाडी, डिझेल, स्वयंपाक, दुभाषी, हा टीमच्या अंदाजपत्रकात आधीच असला पाहिजे. येशूने शिष्यांना दोघा-दोघांनी पाठवलं तेव्हा कामकरी मजुरीला योग्य आहे असं सांगितलं. ते आपण आपल्याला लावतो, दुभाष्याला लावायला विसरतो. तो आपली रोजची कमाई सोडून आलेला असतो.

तिथे गेल्यावर कोणी एकट्याला गाठून फीसाठी, ऑपरेशनसाठी पैसे मागेल. गरज खरी असू शकते. तरी हातात रोख ठेवू नका आणि ‘घरी गेल्यावर बघतो’ असंही म्हणू नका, कारण तिथे ते वचन समजलं जातं. पाळक आणि मंडळीच्या कमिटीला कळवा, मदत त्यांच्या हातून आणि हिशेबात जाऊ द्या.

दुभाष्यासोबत बोलायला शिका

याचा सराव फारच थोड्या टीम करतात. तुमची साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दलचं सभेतलं बोलणं, दहा मिनिटांची असेल तर भाषांतरासकट ती वीस मिनिटांची होणार. म्हणून तीन-चार मिनिटांचीच तयार करा. एका वेळी एक पूर्ण वाक्य बोला आणि थांबा. अर्ध्या वाक्यावर थांबलात तर दुभाष्याला क्रियापदच मिळत नाही. म्हणी, शब्दांवरच्या कोट्या, आपल्याकडचे विनोद गाळा. बायबलच्या वचनांचे संदर्भ आदल्या दिवशी दुभाष्याला द्या, म्हणजे तो ती स्थानिक भाषेतल्या बायबलमधून वाचेल, जाग्यावर भाषांतर करत बसणार नाही. बोलताना नजर श्रोत्यांकडे असू द्या, दुभाष्याकडे नको. साक्षीत आपल्या पगाराचा, गाडीचा, घराचा उल्लेख ओघात येतो, तो काढून टाका.

पंधरा-वीस वाक्यं त्यांच्या भाषेत पाठ करा. नमस्कार, आभार, तुमचं नाव काय, पोट भरलं, आणि एखादं उपासनेतलं गाणं. उच्चार चुकले की मुलं हसतील. हसू द्या, सगळ्यात लवकर ओळख तिथेच होते.

मुलांमध्ये असताना

लहान मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी निघण्याआधी झालेली असावी आणि बालसुरक्षेचे नियम लेखी असावेत. त्यातला मुख्य नियम साधा आहे: एकटा मोठा माणूस एकट्या मुलासोबत कधीच नाही. नेहमी दोन मोठी माणसं, उघड्यावर, इतरांना दिसेल असं. मुलांना शौचाला नेणं, कपडे बदलणं हे स्थानिक शिक्षकांचं काम. मांडीवर घेणं, उचलून फिरवणं टाळा, आणि मूल स्वतःहून हात धरत असेल तर झिडकारूही नका. एखाद्या मुलाने मारहाणीबद्दल किंवा त्याहून वाईट काही सांगितलं तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, आणि त्याच दिवशी नेमलेल्या जबाबदार व्यक्तीला कळवा.

पाठ स्थानिक शिक्षकांनी घ्यावा, तुम्ही खेळ आणि हस्तकला सांभाळा. उलटं केलंत तर तुम्ही गेल्यावर मुलांना आपले शिक्षक फिके वाटतात. साहित्य तिथल्या बाजारात मिळणारं वापरा, म्हणजे पुढच्या वर्षी तेच खेळ त्यांना स्वतः घेता येतील. रंगीत मण्यांचं ब्रेसलेट करून सुवार्ता सांगण्याची पद्धत फार चालते: काळा म्हणजे पाप, पांढरा म्हणजे शुद्ध झालेलं मन. काळ्या-सावळ्या मुलांच्या हातात तो काळा मणी देताना क्षणभर विचार करा. शिवाय कित्येक समाजांत पांढरा हा शोकाचा रंग आहे. तिथल्या शिक्षकांना आधी दाखवा आणि ते म्हणतील तसे रंग बदला, नाहीतर ब्रेसलेटच सोडून द्या.

पाठानंतर “येशूला कोण स्वीकारतं?” असं विचारून हात वर करायला लावू नका. पाहुण्यांना खूश करायला मुलं दोनदा हात वर करतात, आणि तोच आकडा मग घरी अहवालात जातो. मुलांच्या विश्वासाची वाढ बघायला त्यांचे शिक्षक वर्षभर तिथे आहेत.

फोटो पालकांची आणि मंडळीची परवानगी घेऊनच. चेहरा, नाव आणि गाव एकत्र कुठेही टाकू नका. वाहत्या नाकाचा, उघड्या अंगाचा फोटो तुमच्या स्वतःच्या मुलाचा कोणी टाकलेला चालेल का, ही कसोटी पुरेशी आहे.

गावात

बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायात पाठवलेल्यांना येशूने मुक्कामासाठी घरोघर फिरू नका, समोर वाढतील ते खा असं सांगितलं. आजही पाहुण्याला याहून चांगला नियम मिळणार नाही. जिथे उतरवलंय तिथे राहा, खोलीची तुलना करू नका. शिजवलेलं गरम अन्न बिनधास्त खा. पाणी आणि कच्च्या फोडींबाबत काळजी घ्यावी लागली तर यजमानांना आधी खासगीत सांगा, ताटावर बसून नाही. घरभेटीला जाताना वडीलधाऱ्यांना आधी भेटा, आणि कपडे तिथली मंडळी उपासनेला घालते तसे असावेत.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, पण औषध बंद करायला कधीही सांगू नका. टीममध्ये डॉक्टर-नर्स असतील तर त्यांनी त्या देशाची परवानगी काढून, तिथल्या दवाखान्याला धरून काम करावं. जे काम घरी करायची तुम्हाला मुभा नाही ते गावात करू नका, मग ते साधं इंजेक्शन का असेना. घरातली उरलेली औषधं गोळा करून नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दान केलेल्या औषधाला तिथे पोहोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी आणि त्यावरची माहिती तिथल्या आरोग्यसेवकांना वाचता येईल अशा भाषेत असावी. तिथेच विकत घेतलेली औषधं बहुधा सोयीची पडतात.

रोज संध्याकाळी टीमने अर्धा तास बसावं. दिवसात काय खटकलं, कोणाशी कसं वागलो, उद्या काय बदलायचं. त्यात एखादा यजमान असला तर उत्तम, पण तो मोकळेपणी बोलेल अशी अपेक्षा पहिल्या दोन-तीन दिवसांत ठेवू नका.

परतल्यावर

ताप आला तर, मग तो काही महिन्यांनी का येईना, डॉक्टरांना कुठे जाऊन आलात ते आधी सांगा. मलेरिया उशिराही उद्भवतो. तिथे कोणाला काही कबूल केलं असेल तर पहिल्या महिन्यात पूर्ण करा, किंवा जमणार नाही असं कळवा. मुलांशी थेट फोनवर संपर्क ठेवू नका, निरोप मंडळीमार्फत जाऊ द्या.

आपल्या मंडळीत अहवाल सांगण्याआधी त्याची प्रत यजमान पाळकांना पाठवा, फोटोंसह. हे आम्ही तुमच्याबद्दल बोलणार आहोत, यात काय चुकतंय, काय वगळू, असं विचारा. पुढच्या वर्षी टीम यावी का, आली तर किती जणांची आणि कशासाठी, हेही त्याच पत्रात विचारून घ्या. उत्तर यायला वेळ लागला तर अहवालाची तारीख पुढे ढकला.